सव्वा मूठ, दोन गावं

भाईदास बोरसे कापूस खरेदीच्या खात्यात ग्रेडर होते. म्हणजे शेतकऱ्यानं गाडीभर कापूस आणून ओतला, की त्यातला चिमूटभर उचलायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा, धागा किती लांब येतो ते बघायचं आणि मग आकाशाकडे पाहत प्रत सांगायची. आकाशाकडे पाहणं नियमात नव्हतं. पण जमिनीकडे पाहून सांगितलेल्या प्रतीवर शेतकऱ्याचा विश्वास बसत नाही, असा त्यांचा बावीस वर्षांचा अनुभव होता. या काळात त्यांनी हजारो गाड्यांचा निकाल उभ्या उभ्या लावला. घरी मात्र चहा हवा की कॉफी, असं विचारलं तर ते "बरं" म्हणत.

अशा माणसाला खात्यानं कधी काही विचारलं नव्हतं, आणि त्यामुळे खात्याचं आणि त्यांचं उत्तम चाललं होतं. शिंदखेड्याला जा म्हटलं की ते शिंदखेड्याला जात, धरणगावला या म्हटलं की धरणगावला येत. पण १९८९ च्या आषाढात धरणगावची जागा रद्द झाली आणि त्याच सुमाराला घोरपडे नावाचे नवे साहेब साताऱ्याकडून आले. साहेब पुण्याला कसल्याशा शिबिराला जाऊन आले होते. तिथं 'कर्मचाऱ्याला विश्वासात घ्या' असं शिकवलं होतं. परत आल्याबरोबर त्यांना जो पहिला कर्मचारी दिसला तो भाईदास.

"बोरसे, जळगावला जागा आहे, धुळ्यालाही आहे. कुठं जाता?"

"साहेब म्हणतील तिथं."

"छे छे! तुम्ही म्हणाल तिथं."

"मी तेच म्हणतो, साहेब. तुम्ही म्हणाल तिथं."

"बोरसे, ते दिवस गेले. राखी पौर्णिमेपर्यंत वेळ घ्या. घरी बोला."

भाईदास त्या दिवशी घरी आले ते निलंबित झालेल्या माणसासारखे.

प्रमिलाबाई अंगणात लसूण सोलत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "मला दोन्ही गावं चालतील."

भाईदासांना हायसं वाटलं.

"दोन्ही घरं चालणार नाहीत," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि लसणाची पुढची कुडी घेतली.

ही दोन घरं कोणती, ते सांगायला हवं. धुळ्याला भाईदासांचे सख्खे थोरले भाऊ सुकदेव, म्हणजे नाना, राहत. त्यांची वरची माडी रिकामी होती. तिला वेगळा दरवाजा होता, गच्ची होती, वारा होता. एवढंच, की वर जायचा जिना थोरल्या जाऊबाईंच्या स्वयंपाकघरातून निघत होता आणि त्या जिन्यानं भाजीची एकही पिशवी आजवर न तपासता वर गेली नव्हती. जळगावला चुलत भाऊ रतिलाल. तो डाळ मिलवर मॅनेजर. त्यानं बांधलेल्या घराला लागूनच दोन खोल्यांचं घर रिकामं झालं होतं. "मधे भिंत कशाला घालायची, भाऊ?" असं त्याचं म्हणणं होतं. "एकच नळ, एकच गेट. वहिनी काय परक्या शेत का?" त्याच्या अहिराणीत 'शेत' म्हणजे 'आहेत'.

प्रमिलाबाईंनी बावीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढली होती. प्रत्येक खोलीला एक घरमालकीण होती आणि प्रत्येक घरमालकिणीला झाकणं उघडून बघायची सवय होती. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती : असं स्वयंपाकघर, की ज्यात हाक मारल्याशिवाय कोणी शिरणार नाही. ही मागणी त्यांनी पूर्वी शिंदखेड्याला असताना एकदा मांडली होती. भाईदास "बरं" म्हणाले होते.

बातमी गल्लीत पसरायला भाकरी भाजून होईपर्यंतचा वेळ लागला. समोरचे कापड दुकानदार बन्सीलाल स्वतःचं दुकान उघडं टाकून सल्ला द्यायला आले.

"धुळं घ्या," ते भाजीवाल्याशी बोलावं तसं म्हणाले. "तिथं गल्ल्यांना नंबर आहेत. पत्ता सांगणं सोपं. जळगावात माणूस तीनदा विचारतो आणि चौथ्यांदा सराफाच्या दुकानात बसलेला सापडतो. बायको बरोबर असली तर विचारूच नका."

"पण जळगाव सुधारतंय म्हणतात," भाईदास म्हणाले.

"सुधारतंय ना. म्हणून तर भाडं वाढतंय. धुळं तसलं काही करत नाही."

शेजारच्या बेबाबाई विधवा, अनुभवी. त्यांची एक लेक जळगावात, दुसरी धुळ्यात. त्यांनी वेगळाच मुद्दा काढला. "भाऊ, माणसानं शेवटचाही विचार करावा. जळगावात माझ्या व्याह्याला न्यायचं होतं, तर भर मे महिन्यात खांदेकरी दोनदा रसवंतीवर थांबले. धुळ्यात सावली बरी."

भाईदास पन्नाशीचे होते. त्यांनी स्वतःच्या नाडीवर हळूच बोट ठेवलं. सगळ्या गल्लीचं मत घेऊन झाल्यावर दोन्ही गावं राहण्यालायक नाहीत, यावर मात्र एकमत झालं.

शेवटी त्यांनी ठरवलं, की स्वतः जाऊन बघावं. एखाद्या गाडीतला कापूस न ओढता प्रत सांगणं त्यांच्या तत्त्वात नव्हतं. आधी ते धुळ्याला गेले. नानांनी माडी दाखवली, गच्ची दाखवली, गच्चीवरून दिसणारी दुसऱ्यांची गच्ची दाखवली आणि जेवताना सहज विचारलं, "मग यंदा कानबाईला तुझी मूठ इथंच धरू ना?"

"बरं," भाईदास म्हणाले.

चार दिवसांनी ते जळगावला गेले. रतिलालनं दोन खोल्या दाखवल्या, नळ सोडून दाखवला, बंद करून दाखवला, आणि निघताना स्कूटरला किक मारता मारता म्हणाला, "भाऊ, औंदा कानबाईले तुमनी मूठ आठेच धरस बरं का."

"बरं," भाईदास म्हणाले.

इथं खानदेशाबाहेरच्या वाचकाला थांबवून सांगणं भाग आहे. नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी आमच्याकडे घरोघरी कानबाई देवी बसते. त्याआधी भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू धरायचा. म्हातारा असो, तान्हा असो, मूठ सारखी. ते सगळं दळून त्याचा जो स्वयंपाक होतो, पुरणपोळी, खीर, जोडीला गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, त्याला म्हणायचं रोट. रोट खायचा तो फक्त भाऊबंदांनी. बाहेरच्याच्या ताटात त्यातला घास जाता कामा नये. आणि बोरशांच्या घरचा आणखी कडक नियम असा, की ज्याच्या नावाचं दळण त्याच्याच घरानं ते पौर्णिमेच्या आत संपवायचं. थोडक्यात, माणूस कोणत्या घरचा, हे आमच्याकडे रेशनकार्डावरून ठरत नाही. त्याची मूठ कुठं धरली, यावरून ठरतं.

आणि बोरशांच्या कानबाया दोन होत्या. पूर्वी एकच होती. मग गंगाफळाच्या भाजीत गूळ घालावा की घालू नये, यावरून नाना आणि रतिलाल यांच्यात वाद झाला आणि गुळाची कानबाई जळगावला गेली, बिनगुळाची धुळ्याला राहिली. दोघे भाऊ तेव्हापासून एकमेकांशी बोलत नव्हते. भाईदास त्या काळात कधी इकडे, कधी तिकडे जाऊन दोन्ही भाज्या छान झाल्याचं सांगत. मूठ मात्र गावाकडच्या एका म्हाताऱ्या चुलत्याकडे धरली जाई. तो चुलता गेल्या माघात वारला होता, हे "बरं" म्हणताना त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

"एका माणसाच्या दोन मुठी?" प्रमिलाबाईंनी कपाळाला हात लावला. "आणि पोरांच्याही?"

"पोरांच्या ओघानं आल्याच."

दोन्ही मुलं राहुरीला कृषी महाविद्यालयात होती आणि परीक्षेमुळे येणार नव्हती. म्हणजे तीन मुठी धुळ्यात, तीन जळगावात, आणि खायला दोन माणसं.

"एकाला नाही म्हणून सांगा."

"कुणाला?"

प्रमिलाबाईंनी ओव्याची पुरचुंडी तेवढी पिशवीत टाकली.

रविवारी सकाळी दोघं धुळ्याला पोचली. कानबाई नटून बसली होती, बायका गाणी म्हणत होत्या. दुपारी पानं मांडली. नाना स्वतः वाढायला उभे राहिले, आणि नानांचा आग्रह म्हणजे नदीला आलेला पूर. हात आडवा धरून थांबत नाही. "राहुरीकरांचीही तूच खा," असं म्हणत त्यांनी प्रत्येक मुलाच्या नावानं वेगळी पोळी वाढली. चौथ्या पोळीनंतर भाईदासांना कानबाई दोन दिसू लागल्या, आणि एका अर्थानं ते खरंच होतं.

"उद्या ऑफिस आहे, नाना. निघतो."

"जा. पण नावाचं पीठ उरलंय ते घेऊन जा." थोरल्या जाऊबाईंनी पीठ आणि पुरण भरलेला स्टीलचा भलामोठा डबा प्रमिलाबाईंच्या हातात दिला.

तो डबा मांडीवर घेऊन एरंडोलमार्गे जळगाव. एसटीत भाईदास बसू शकत नव्हते. पोटाला घडी पडत नव्हती. ते दांड्याला धरून उभे राहिले. कंडक्टर म्हणाला, "भाऊ, जागा शे ना!" ते म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय." रतिलालच्या घरी शिरण्याआधी डबा कापसाचे नमुने ठेवायच्या सरकारी पिशवीत लपवला गेला.

"भाऊ, उपाशी आले ना?" रतिलालनं विचारलं.

भाईदासांना आणखी खोटं बोलवत नव्हतं आणि खरं बोलायची सोय नव्हती. ते पाटावर बसले. पुढचं सविस्तर लिहिण्यासारखं नाही. एवढं नोंदवतो, की रात्री कानबाईपुढे फुगड्या चालल्या असताना ते ओसरीवर उताणे पडून होते, आणि रतिलालची सासू त्यांच्याकडे बघून कोणाला तरी म्हणाली, "धरणगाववाला भाऊ भलता भाविक शे. डोळाबी उघडत नही."

सोमवारी विसर्जन करून निघताना रतिलालच्या बायकोनंही एक डबा दिला.

धरणगावच्या त्या दोन खोल्यांत आता दोन देवींचं पीठ आलं होतं, आणि पौर्णिमा गुरुवारी होती. प्रमिलाबाईंनी पुरण बाजूला काढलं, परात घेतली आणि दोन्ही डबे तिच्यात उपडे केले.

"अगं! गुळाची आणि बिनगुळाची!"

"पीठ आहे. त्याला भांडण माहीत नाही," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि मळायला बसल्या.

त्या दिवसांत भाईदासांनी सकाळी पुरणपोळी खाल्ली, दुपारी पुरणपोळी खाल्ली आणि रात्री दूध टाकून पुरणपोळी खाल्ली. कोणी दारावर आलं की ताट कॉटखाली जाई. बन्सीलाल वासावर दोनदा आले आणि दोन्ही वेळा त्यांना उंबऱ्यातच हवापाण्याच्या गप्पा मारून परतवण्यात आलं. त्यांनी बाजारात सांगितलं, की बदलीची गोष्ट निघाल्यापासून बोरसे माणूसघाणे झालेत.

मंगळवारी भाईदासांनी रिकामे डबे परत पाठवले. डबा रिकामा पाठवू नये म्हणून प्रमिलाबाईंनी दोन्हींत मूठभर साखर घातली. स्टँडवर धुळ्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे एक दिला, जळगावच्या गाडीच्या कंडक्टरकडे दुसरा. पुरणानं डोळ्यांवर जी झापड येते ती अनुभवलेल्यांनाच कळेल. आपल्याकडे भांड्यांवर नाव कोरून घेतात, हे त्यांना घरी येऊन आडवं झाल्यावर आठवलं. ते ताडकन उठून बसले. 'सुकदेव नथ्थू बोरसे, धुळे' असं ठसठशीत कोरलेला डबा त्या वेळी जळगावच्या वाटेवर होता.

बुधवारी दुपारी दारात जीप थांबली. भाईदासांनी खिडकीतून पाहिलं आणि त्यांना जरा बरं वाटलं, कारण ते फक्त साहेब होते.

"बोरसे! म्हटलं उद्या पौर्णिमा, जाता जाता उत्तर घेऊन जावं." घोरपडे साहेब आत आले, खुर्चीत बसले आणि त्यांनी नाक वर केलं. "पुरण?"

"नाही साहेब. म्हणजे, कालचं. शिळं."

"शिळी पुरणपोळी तर ताजीच्या वर!"

"तूप संपलंय, साहेब."

"मला तुपाचं पथ्यच आहे."

"आम्ही गूळ फार घालतो."

"घालावाच!"

भाईदासांपुढे मोठाच पेच उभा राहिला. 'तुम्ही बाहेरचे' असं साहेबांना सांगावं, तर साहेबांनी त्यांना विश्वासात घेतलेलं. घरात दुसरं काही शिजवलेलं नव्हतं. आणि ऐन जेवणाच्या वेळी दारी आलेला माणूस उपाशी पाठवायचा, हे बोरशांच्या सात पिढ्यांत झालं नव्हतं. ते स्वयंपाकघरात गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"सरका," प्रमिलाबाई म्हणाल्या. "कानबाई रागावली तर मी समजूत काढीन. उपाशी गेलेल्या साहेबाची कोण काढणार?"

साहेबांनी तीन पोळ्या खाल्ल्या. चौथी ताटात पडत होती तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली आणि पाठोपाठ भाड्याची टॅक्सी. एका दारातून एकदम दोन माणसं शिरायचा प्रयत्न करतात तेव्हा होतो तसा आवाज झाला. रतिलालच्या हातात नानांचा डबा होता. नानांच्या हातात रतिलालचा. मागून नानांच्या आधारानं भिकुअक्का आत आल्या. अक्का म्हणजे थोरल्या काकू, घराण्यातलं शेवटचं कोर्ट. चार महिने धुळ्यात, चार महिने जळगावात राहून दोन्हीकडच्या सुनांना सारखीच नावं ठेवत, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल कोणाला शंका नव्हती.

"भाईदास, हा डबा माझ्या घरी कसा?" नाना गरजले.

"तेच मी इचारी ऱ्हायनू!" रतिलाल म्हणाला. मग दोघांनी एकमेकांकडे न बघता आपापले डबे बदलून घेतले. बऱ्याच वर्षांत त्यांच्यात झालेली ही पहिलीच देवघेव.

"दोन्हीकडे मूठ धरलीस? दोन्हीकडे जेवलास? भाऊ म्हणून..." नाना बोलता बोलता थांबले. त्यांची नजर ताटावर गेली. "हे कोण?"

साहेब घास घेतलेल्या हातानं उभे राहिले. "मी घोरपडे. सातारा."

भाईदासांनी डोळे मिटून घेतले. त्यांना कापसाची गंजी जळताना दिसली, त्यात आपण दिसलो आणि कोणीच पाणी घेऊन येत नव्हतं.

"रोट खादा यानी?" अक्कांनी विचारलं.

"अक्का, चूक झाली माझी..."

"तू गप. सूनबाई, कोठलं पीठ हे? धुयानं का जयगावनं?"

थोरल्या दिरापुढे प्रमिलाबाई बावीस वर्षांत मोठ्यानं बोलल्या नव्हत्या. त्यांनी पदर नीट केला. "दोन्ही. एकाच परातीत मळलं मी."

नाना खाटेवर बसले. रतिलालला बसायला जागा नव्हती म्हणून तो भिंतीला टेकला.

अक्का साहेबांच्या ताटाकडे सरकल्या. मग त्यांनी खाली बसून, ताटातला एक तुकडा मोडून तोंडात टाकला, चघळला आणि निकाल दिला. "खाई ग्या ना? आते तो बी आपला भाऊबंद. पुढला सालपाशी त्यानी बी मूठ धरनी पडी. आन् भाईदास, एक माणूसले दोन पोटं ऱ्हातस का रे? ज्याना घरमा दोन्ही पीठ एक व्हयनात, तठे तिसरी कानबाई बसाले पाहिजे. पुढला साल तुन्हाच घर बसी."

"माझ्या माडीवर बसवू," नाना घाईघाईनं म्हणाले.

"दुसराना माडीवर कानबाई बसत नही. दुसराना गेटमा बी नही," अक्का रतिलालकडे बघून म्हणाल्या. "तिले सोतानं दार लागस. सोतानी चूल लागस."

प्रमिलाबाईंनी अक्कांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि जरा जास्तच वेळ ठेवलं. वर आल्या तेव्हा डोळे ओले होते. पुरण ढवळताना धूर लागतो, असं त्यांनी कोणी न विचारता सांगितलं.

साहेबांना निम्मंच कळलं होतं, पण आपण नातेवाईक झालो एवढं कळलं होतं. त्यांनी उरलेली पोळी संपवली, हात धुतले आणि शिबिरातला मुद्दा पुन्हा उचलला. "तर मग बोरसे, जळगाव की धुळे?"

भाईदासांनी सवयीनं आकाशाकडे पाहिलं. वर पत्रा होता.

"धुळे," प्रमिलाबाई म्हणाल्या.

नानांची मान ताठ झाली.

"पण नदीच्या अल्याड, नानांच्या बाजूला नाही. पल्याड देवपुरात. मधे पांझरा राहू द्या."

नानांची मान पूर्ववत झाली. रतिलाल मात्र चांगलाच दुखावला होता. "वहिनी, जळगावमा काय कमी व्हतं?"

"कमी काही नाही, भाऊजी. जळगाव मेन लाइनवर आहे. नागपूरला जाणारा उतरतो, मुंबईला जाणारा उतरतो, भुसावळला गाडी चुकलेला परत येतो. धुळ्याला यायचं म्हणजे चाळीसगावला गाडी बदलावी लागते. गाडी बदलून जो येईल, त्याला मी आनंदानं जेवायला घालीन."

साहेब एवढे मोठ्यानं हसले, की बाहेर कान देऊन उभे असलेले बन्सीलाल दचकून मागे सरले.

रतिलालनं डबा काखेत मारला, स्कूटरची किल्ली काढली आणि दारापर्यंत जाऊन तो वळला. "वहिनी, जळगावतून धुयाले एसटी थेट शे. गाडी बदलनी पडत नही. आम्ही तं येऊच."

"या की, भाऊजी," प्रमिलाबाई म्हणाल्या. "परतीची शेवटची कितीला असते?"